रियाज, उपज आणि सॉफ्टवेअर : तालुक्याच्या गावातील संगीतशिक्षणाचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाताना अजिंठ्याच्या डोंगरांच्या अलीकडे सिल्लोड लागते. मिरची, मका आणि कापसाच्या बाजाराचे हे गाव. अशा तालुक्याच्या गावात संगीत शिकणारे मूल साधारणपणे दोन ठिकाणी घडते. एक म्हणजे क्लास. तिथे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांची तयारी होते. दुसरे ठिकाण म्हणजे भजनी मंडळ, हरिनाम सप्ताह, गणपतीचा मांडव. क्लासमध्ये शिस्त मिळते, मांडवात धिटाई मिळते. स्वतः काही बांधून पाहण्याची, ते मोडून पुन्हा बांधण्याची संधी मात्र दोन्हीकडे फारशी मिळत नाही.

परिणाम उघड दिसतो. मध्यमा झालेला विद्यार्थी यमनचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, पकड न अडखळता सांगतो. बंदिश आलाप-तानांसह गातो. पण ते आलाप वहीत उतरवून घेतलेले असतात. त्याच विद्यार्थ्याला चार ओळी देऊन ‘याला चाल लाव’ म्हटले की तो गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागतो. दोष त्याचा नाही. शास्त्रीय कलांच्या परीक्षांवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचे लक्ष प्रमाणपत्राकडे जास्त वळले, आणि परीक्षा जे विचारते तेच शिकवले जाते.

दुसरीकडे याच विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल आहे, आणि शाळेत निदान एक संगणक आहे. त्यांवर ध्वनी मुद्रित करणारी, कापणारी, जोडणारी, एकावर एक थर चढवणारी सॉफ्टवेअर फुकट चालतात. या साधनांनी विद्यार्थ्याची सर्जनशक्ती जागी होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर, हा या विवेचनाचा विषय आहे. सॉफ्टवेअर आपण होऊन कोणालाही सर्जनशील करत नाही, हे माझे प्रतिपादन आहे. विद्यार्थ्यापुढे निर्णयाचा प्रश्न ठेवला आणि त्या निर्णयाचे फळ त्याच्याच कानांनी तपासायला लावले, तरच हे साधन गुणकारी ठरते. म्हणून साधन कोणते घ्यावे यापेक्षा त्यावर कोणता अभ्यास द्यावा, याचा विचार आधी व्हायला हवा.

२. सर्जन म्हणजे नेमके काय?

‘क्रिएटिव्हिटी’ या शब्दाभोवती धूसरपणा फार आहे, म्हणून कामापुरती व्याख्या ठरवून घेणे बरे. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनप्रक्रियेचे चार टप्पे सांगितले : पूर्वतयारी, मुरणे, स्फुरणे आणि पडताळणी. जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधण्याच्या क्षमतेवर भर दिला. दोघांचे सार घेऊन संगीताच्या वर्गापुरते असे म्हणता येईल : एखाद्या चौकटीत राहून अनेक पर्याय निर्माण करणे, त्यांतून एक निवडणे आणि ती निवड का केली हे सांगता येणे, म्हणजे सर्जन.

या व्याख्येत चौकट हा शब्द मुद्दाम आहे. हिंदुस्थानी संगीतात उपज मोकाट नसते. तबल्याचा कायदा घ्या. कायद्यात जे बोल आहेत तेच पलट्यांत वापरायचे, नवे बोल बाहेरून आणायचे नाहीत. या एका बंधनामुळेच वादकाची कल्पकता पणाला लागते. रागविस्ताराचेही तेच. हाताशी पाच-सात स्वर, त्यांतही कुठे थांबायचे आणि कुठून नुसते जायचे याचे नियम, आणि तरीही तासभर चालणारे गाणे.

बंधनातून निर्मिती कशी बहरते याचे मराठी उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी आठवड्याला एक या गतीने वर्षभरात ५६ गीते दिली. कथा ठरलेली, प्रसंग ठरलेला, वार ठरलेला, ध्वनिक्षेपणाची वेळ ठरलेली. मोकळीक उरली ती फक्त शब्द, राग आणि चालीची. तेवढ्या जागेत जे घडले ते सत्तर वर्षे टिकले आहे. शिक्षकाने यातून एवढे घ्यावे की विद्यार्थ्याला ‘काहीही कर’ म्हणणे हा सर्वांत निरुपयोगी गृहपाठ आहे.

३. यंत्र आणि संगीत : महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

संगीतात यंत्र आले की कलेचा घात होतो, ही भीती जुनी आहे. तिची सर्वांत मोठी चर्चा पेटीवरून झाली. परदेशातून आलेली हार्मोनियम संगीत नाटक आणि भजनाने आपलीशी केली. पण तिचे स्वर बारा समान भागांत बांधलेले, त्यामुळे ते तंबोऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत, हा आक्षेप खरा होता. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी मात्र वेगळी वाट धरली होती. बावीस श्रुतींवरचा त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम उभी राहिली. गायकाच्या गळ्यातून स्वर मोजायचे आणि यंत्राला त्या मापावर आणायचे, ही त्यांची दिशा होती. ते वाद्य रूढ झाले नाही, पण दिशा आजही बरोबर आहे.

पुढचा टप्पा मुंबईत घडला. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेत १९८० च्या दशकात स्वराच्या हालचालीचा आलेख काढणारे यंत्र वापरून रागसंगीताचा अभ्यास सुरू झाला. त्याच परंपरेत नंतर सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या सहकार्याने रागांचे चलत आलेख तयार केले. गाणे ऐकू येत असताना पडद्यावर स्वराची रेषा चालत राहते. मींड कुठून निघाली, आंदोलन किती वर-खाली झाले, हे डोळ्यांना दिसते. पवईच्या आयआयटीत प्रीती राव यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थानी गायनाच्या संगणकीय विश्लेषणावर बरीच वर्षे काम झाले आहे.

एनसीपीएतील त्या सुरुवातीच्या कामात बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. जेम्स किपेन हे संशोधक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांच्यासाठी बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. कायद्याचे नियम संगणकाला द्यायचे, संगणकाने त्या नियमांनुसार पलटे तयार करायचे आणि ते उस्तादांना ऐकवायचे. उस्ताद सांगत, हे चालेल, हे चालणार नाही. नाकारलेल्या पलट्यावरून नियम सुधारायचा आणि पुन्हा विचारायचे. संगणक पर्याय मांडतो, कसलेला कान निवाडा देतो, आणि त्या निवाड्यातून आजवर न बोललेला नियम शब्दांत येतो. संगीताच्या वर्गात सॉफ्टवेअरची जागा कोणती असावी, हे या प्रयोगाइतके स्वच्छ कुठे दिसत नाही.

याच बेल यांनी पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाला संगणकाची जोड दिली. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्या संग्रहात आहेत. त्यांतील हजारो ओव्यांचे गायन मुद्रित झाले आहे. म्हणजे तबल्याचे व्याकरण तपासणारे आणि आजीचा आवाज जपून ठेवणारे तंत्रज्ञान एकाच कुळातले आहे.

४. सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला काय देते?

बाजारात नावे पुष्कळ आहेत, प्रकार मात्र मोजके. ध्वनी कापण्या-जोडण्यासाठी ऑडॅसिटी, जी २००० पासून मोफत उपलब्ध आहे. अनेक पदर एकत्र रचण्यासाठी रीपर, एलएमएमएस, एफएल स्टुडिओ, एबल्टन लाइव्ह, आणि मोबाइलवर बँडलॅब. स्वरलेखनासाठी म्यूझस्कोर. स्वराचा आलेख पाहण्यासाठी प्राट किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर. या सर्वांतून विद्यार्थ्याला मिळणाऱ्या गोष्टी चार.

पहिली, स्वतःपासून अंतर. गाताना आपण गाण्याच्या आत असतो. मुद्रण ऐकताना बाहेर येतो. आपला निषाद उतरला, समेच्या आधी श्वास तुटला, हे गुरुजींनी दहा वेळा सांगितलेले एकदा स्वतः ऐकले की पटते.

दुसरी, माघारी फिरण्याची सोय. क्लासमध्ये चुकले की ओशाळायला होते, म्हणून मूल ठाऊक असलेल्या वाटेनेच जाते. पडद्यावरची चूक एका कळीने पुसता येते. धाडस स्वस्त झाले की प्रयत्न वाढतात, आणि पर्याय निर्माण करण्याची सवय तिथूनच लागते.

तिसरी, तुलना. तोंडी परंपरेत कालची तान आज तशीच आठवेल याची खात्री नसते. फायलीत पहिली, दुसरी, तिसरी आवृत्ती जशीच्या तशी राहते. तिन्ही एकापाठोपाठ ऐकून निवड करता येते.

चौथी, थर. एकटे मूल स्वतःच्या गाण्याखाली स्वतःच टाळ वाजवू शकते, त्याखाली दुसरा सूर धरू शकते. त्यातून साथ म्हणजे काय, कोणी कधी गप्प राहायचे, गर्दी कुठे होते, हे उमगते. एकल गायनाच्या शिक्षणात हा धडा सहसा येतच नाही.

या चारही गोष्टी ऐकण्याशी निगडित आहेत. म्हणून विद्यार्थ्याचे डोळे पडद्यावरच खिळले, तर लाभाचा तोटा होतो. प्रत्येक तुकडा निदान एकदा डोळे मिटून ऐकायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून घालावा.

५. साधनाच्या मर्यादा

ही सॉफ्टवेअर मुख्यतः पाश्चात्त्य संगीताच्या गरजेतून घडली. त्यामुळे त्यांत काही गृहीतके बसवलेली आहेत आणि ती शिक्षकाला ठाऊक असलीच पाहिजेत.

अ) स्वर. सॉफ्टवेअरमधील कीबोर्ड बारा समान अंतरांचा असतो. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार ३०० चा, आणि कीबोर्डचा गांधार जवळजवळ ३०२.४ चा. फरक अडीच कंपनांहून कमी. पण षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० वर असतो आणि कीबोर्डच्या गांधाराचा चौथा उपस्वर १२०९.५ च्या आसपास. ते दोन एकत्र आले की सेकंदाला नऊ-दहा हिसके बसतात आणि सूर खरखरतो. हे सांगून समजत नाही, ऐकवावे लागते. ऑडॅसिटीत नाद निर्माण करण्याची सोय आहे. तिथे साधी तरंगाकृती न घेता करवती तरंगाकृती घ्यावी, कारण उपस्वर तिच्यातच असतात. एका पदरावर २४०, दुसऱ्यावर ३००, आणि मग ३०० च्या जागी ३०२.४. पाच मिनिटांत शुद्ध गांधाराचा अर्थ कानात उतरतो. जे यंत्र कान बिघडवू शकते, त्याच यंत्राने कान घडवण्याचा हा पाठ आहे.

आ) गती. दरबारीचा कोमल गांधार हा एक बिंदू नाही, ती डोलणारी जागा आहे. कीबोर्ड आणि संगणक यांना जोडणारी मिडी ही पद्धत १९८३ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक मिळतो. मींड त्या क्रमांकांच्या मधल्या जागेत असते. स्वर वाकवण्याची सोय मिडीत आहे, पण ती वरून लावावी लागते आणि सहज साधत नाही. म्हणून हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याने सुरुवात कीबोर्डने करू नये, स्वतःच्या मुद्रित आवाजाने करावी.

इ) ताल. नवी फाइल उघडली की चार मात्रांची चौकट समोर येते. त्रिताल तिच्यात सरळ बसतो, भजनी ठेकाही बसतो. झपताल, रूपक, एकताल यांसाठी खंड मुद्दाम बदलावे लागतात. रूपकाची सम ‘खाली’वर असते हे सॉफ्टवेअरला माहीत नाही, ते पहिल्या मात्रेवर जोर देऊन मोकळे होते. आणि ठोका जवळच्या रेषेवर ओढून बसवणारी ‘क्वांटाइझ’ नावाची सोय तर ढोलकीचा झोल नेमका पुसून टाकते. शिकणाऱ्यांच्या वर्गात ती बंद ठेवावी.

ई) तयार तुकडे. बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर हजारो तयार लूप येतात. चार लूप एकावर एक ठेवले की दहा मिनिटांत गाणे झाल्यासारखे वाटते. मात्र त्यातील ताल, स्वर, रंग यांचे सगळे निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असतात. आपल्या व्याख्येनुसार तिथे सर्जन जवळजवळ शून्य आहे, आणि झाल्याचा आनंद मात्र पूर्ण. पहिले वर्षभर लूपला हात लावायचा नाही, असा नियम करणेच इष्ट.

६. अभ्यासाचा क्रम

वरील गुण आणि मर्यादा लक्षात घेऊन पाच पायऱ्यांचा क्रम सुचवतो. सामग्री फार लागत नाही : एक जुना लॅपटॉप, मोबाइलचा रेकॉर्डर आणि तारेचे इअरफोन. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे ठेका ऐकत गाताना लय मागे पडते. म्हणून तारेचेच हवेत. खोली घुमत असेल तर दोन बाजूंनी जाड गोधड्या टांगाव्यात. तासभराच्या वर्गात यंत्राला वीस मिनिटे पुरेत, उरलेला वेळ गळ्याचा आणि हाताचा.

पहिली पायरी, गावाचा कान. विद्यार्थ्याने आठवडाभरात गावातले पाच आवाज टिपून आणायचे. बाजार समितीतला लिलाव, पिठाच्या गिरणीचा पट्टा, एसटी स्टँडवरची घोषणा, पोळ्याच्या दिवशीची घुंगुरमाळ, पहाटेचा काकडा. त्यांतून एका मिनिटाची रचना करायची. वाद्य जोडायचे नाही, शब्द जोडायचे नाहीत. पिअर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओवर रेल्वेच्या आवाजांतून रचना केली, आणि कॅनडाचे मरे शेफर यांनी पुढे शाळकरी मुलांना भोवतालचे आवाज ऐकायला शिकवले. त्याचेच हे सिल्लोडी रूप. आरंभ, चढण, विसावा आणि शेवट या रचनेच्या मूळ गोष्टी राग-तालाचे दडपण न येता इथे कळतात.

दुसरी पायरी, आधारस्वर. प्रत्येकाने आपली पट्टी ठरवायची, काळी एक, काळी चार, जी असेल ती, आणि तिचा तंबोरा मुद्रित करून घ्यायचा. खरा तंबोरा मिळाला तर उत्तम, नाहीतर इलेक्ट्रॉनिक चालेल. गांधाराचा वर सांगितलेला प्रयोग इथेच करायचा. मग तंबोऱ्यावर एकच स्वर तीन प्रकारांनी लावून मुद्रित करायचा : सरळ, खालून मींडेने, कणस्वर घेऊन. तिन्ही ऐकून कोणता का आवडला, ते वहीत दोन ओळींत लिहायचे.

तिसरी पायरी, तिहाई. इथे पडद्याचा उपयोग सर्वाधिक आहे. त्रितालाच्या समेवरून निघून पुढच्या समेवर यायचे म्हणजे एकूण १७ मात्रा हाताशी. पाच मात्रांचा बोल तीनदा आणि मध्ये एकेका मात्रेचा विराम : ५, १, ५, १, ५. बेरीज १७. विद्यार्थ्याने आपला बोल एकदा वाजवून मुद्रित करायचा, त्याच्या दोन प्रती काढायच्या आणि ठेक्याखाली सरकवून बसवायच्या. शेवटचा ‘धा’ समेच्या रेषेवर आला की हिशेब दिसतोही आणि ऐकूही येतो. मग प्रश्न बदलायचा. झपतालात हेच कर. तिथे ११ मात्रा, म्हणून ३, १, ३, १, ३. आता समेऐवजी नवव्या मात्रेवरून त्रितालात निघ. आता विराम दीड मात्रेचा ठेव. प्रत्येक प्रश्नाला एकाहून अधिक बरोबर उत्तरे निघतात, आणि गणिताला घाबरणारे मूलही ती शोधत बसते. शेवटी फाइल बंद करून तीच तिहाई हातावर टाळी देत म्हणून दाखवायची. पडद्यावर जमलेली गोष्ट तोंडाने जमली तरच ती आपली झाली.

चौथी पायरी, रागाचे तुकडे. अमेरिकेतील एमआयटीच्या जीन बॅम्बर्गर यांनी मुलांना सुटे स्वर देण्याऐवजी अर्थपूर्ण छोटे स्वरखंड दिले आणि त्यांतून धून बांधायला लावली. मुले स्वर मोजण्याऐवजी वाक्य ऐकू लागली. आपल्याकडे यासाठी भूप आणि देशकार ही जोडी आयती आहे. दोन्हींत स्वर तेच पाच : सा रे ग प ध. भूपात गांधार वादी, चलन पूर्वांगात, वेळ संध्याकाळची. देशकारात धैवत वादी, चलन उत्तरांगात, वेळ सकाळची. विद्यार्थ्याने भूपाचे आठ छोटे आलाप गाऊन वेगवेगळे कापायचे आणि त्यांच्या फेरजुळणीतून देशकार उभा करायचा प्रयत्न करायचा. धैवतावर थांबणारे तुकडे पुढे आणले, गांधारावरचा विसावा काढला, तरी देशकार होत नाही. भूपाच्या तुकड्यातला धैवत उतरत्या वळणावरचा आहे, देशकाराचा धैवत ठाम उभा असतो. अखेर विद्यार्थ्याला तुकडे बाजूला ठेवून पुन्हा गावे लागते. राग स्वरांच्या यादीत नसतो, स्वराच्या लगावात असतो, हे व्याख्यानाशिवाय कळते. सॉफ्टवेअरची मर्यादाच इथे शिकवण्याच्या कामी येते.

पाचवी पायरी, स्वतःची रचना. दोन विषय सुचवतो. एक, ओवी. घरातल्या आजीकडून, मावशीकडून एखादी ओवी ऐकायची, त्यांची परवानगी घेऊन मुद्रित करायची आणि फाइलवर त्यांचे नाव घालायचे. मग तिला साजेशी साथ बांधायची. तबल्याचा ठेका खाली ठेवताच ओवी गुदमरते, असा अनुभव पहिल्याच दिवशी येईल. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यांतून आलेली असते, ती मिनिटाला अमुक ठोके या मापात राहत नाही. मग विद्यार्थी सॉफ्टवेअरची चौकट बंद करतो आणि आवाजामागून साथ लावतो. इथे साधन कलेच्या मापावर आले. देवलांनी पेटीसाठी जे केले, तेच नववीतल्या मुलाने आपल्या फाइलपुरते केले.

दुसरा विषय जवळच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आणि तिच्याभोवती वादक रंगवलेले आहेत. चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. विद्यार्थ्यांनी ते नीट पाहावे, कोणाच्या हातात कोणते वाद्य आहे ते नोंदवावे, आणि एका मिनिटाचे संगीत रचावे. जुन्या काळचे संगीत पुन्हा उभे केल्याचा दावा करायचा नाही. चित्रातील अंगाची गती ध्वनीत कशी आणायची, एवढाच प्रश्न. रचनेत तीन पदरांची मर्यादा घालावी. चौथा हवा असेल तर आधीचा एक काढायचा.

सर्व पायऱ्यांवर चौघांचा गट करावा. एकाने गायचे किंवा वाजवायचे, एकाने यंत्र सांभाळायचे, एकाने डोळे मिटून ऐकायचे आणि एकाने नोंदी ठेवायच्या. दर वेळी कामे बदलायची. यंत्र कायम एकाच हुशार मुलाच्या हाती गेले, तर उरलेले तिघे प्रेक्षक होतात. अनेक ठिकाणी मुलींना गायला आणि मुलांना यंत्राला बसवले जाते. ही वाटणी पहिल्याच दिवशी मोडावी.

७. मूल्यमापन

असे काम तपासताना शिक्षक फसतो तो सफाईला. ज्याचा मोबाइल चांगला, त्याचे मुद्रण चांगले. ज्याने तयार आवाज वापरले, त्याची रचना सिनेमासारखी भासते. म्हणून तयार फाइलीबरोबर आधीच्या दोन आवृत्त्या आणि वही मागावी. वीस गुण असतील तर पाच गुण पर्यायांना : किती आणि किती वेगळे करून पाहिले. पाच निवडीच्या कारणांना. पाच चौकटीच्या भानाला : राग, ताल, दिलेली मर्यादा पाळली का, आणि मोडली तर जाणून मोडली का. उरलेले पाच दुसऱ्याची रचना ऐकून त्याने काय टिपले याला. ‘छान झाले’ या शेऱ्याला शून्य, ‘तिसऱ्या ओळीनंतरचा विसावा लांबला असता तर समेची वाट पाहिली गेली असती’ या शेऱ्याला पूर्ण गुण.

८. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप : यामुळे रियाज घटेल. यंत्र रियाजाच्या जागी बसवले तर घटेल, हे मान्य. वरच्या क्रमात तिहाईची आणि रागाची पायरी गळ्यावर किंवा हातावर येऊन संपते, ती याच कारणाने. आपला तुकडा शंभर वेळा ऐकणारे मूल तो सुधारण्यासाठी दहा वेळा जास्त गाते. रियाजाला उद्देश मिळाला की त्याचा कंटाळा कमी होतो.

दुसरा आक्षेप : सूर आपोआप सुधारणारी यंत्रणा कान मारेल. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. ती यंत्रणा स्वराला कीबोर्डच्या बारा घरांत ओढते, म्हणजे मींड आणि श्रुती दोन्ही घालवते. शिकण्याच्या काळात तिला वर्गात जागा नाही.

तिसरा आक्षेप : गुरूचे महत्त्व कमी होईल. ‘बोल प्रोसेसर’चा दाखला इथे उत्तर देतो. यंत्राने पलटे कितीही काढले, तरी कोणता चालेल हे सांगायला उस्तादच लागले. पर्याय वाढले की निवाडा देणाऱ्याची गरज वाढते. मात्र ‘मी गातो तसे गा’ म्हणणाऱ्या गुरूला आता ‘तू असे का केलेस?’ हा प्रश्न विचारायला शिकावे लागेल.

चौथा आक्षेप : हे शहराचे चोचले आहेत, तालुक्याला काय उपयोग? वस्तुस्थिती उलट आहे. शहरातील मुलाला मैफली, कार्यशाळा, साथीदार सहज मिळतात. शिवना, घाटनांद्रा यांसारख्या खेड्यांतल्या मुलाला तबल्याची साथ मिळायची तर सिल्लोड गाठावे लागते. साथीची, तुलनेची, स्वतःला ऐकण्याची सोय ज्याच्याजवळ नाही, त्यालाच या साधनाची गरज अधिक. शिवाय ओवी, भारूड, गोंधळ, काकडा हा ऐवज त्याच्या दारात आहे. शहरातल्या मुलाला तो शोधत यावे लागते.

९. निष्कर्ष

विवेचनाचे सार थोडक्यात असे. सर्जन म्हणजे चौकटीतले सकारण निर्णय. मुद्रण आणि रचनेची सॉफ्टवेअर हे निर्णय ऐकण्याजोगे, बदलण्याजोगे आणि तुलनेजोगे करतात, हे त्यांचे खरे मोल. त्यांत बसवलेली समान अंतरांची पट्टी, चार मात्रांची चौकट आणि तयार लूप ही आपल्या संगीतासाठी अडचण आहे. पण जाणत्या शिक्षकाच्या हाती ही अडचणही पाठ होते. यशापयश सॉफ्टवेअरच्या किमतीवर ठरत नाही, दिलेल्या अभ्यासाच्या नेमकेपणावर ठरते.

म्हणून संगीत शिक्षकांना एक विनंती. महागड्या स्टुडिओची आणि नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहू नका. येत्या आठवड्यात तुमच्या वर्गातील प्रत्येक मुलाकडून त्याचा एक आलाप मुद्रित करून घ्या, त्याला ऐकवा आणि त्याच रागात दुसरा करून आणायला सांगा. दोन्हींपैकी कोणता चांगला आणि का, हे त्यानेच वर्गाला सांगायचे. परीक्षा मंडळांनीही प्रात्यक्षिकात पाच-दहा गुण स्वतः बांधलेल्या रचनेला आणि तिच्या समर्थनाला ठेवावेत. परीक्षेने विचारले की क्लास शिकवील, आणि क्लासने शिकवले की सिल्लोडचे मूल चार ओळी हातात आल्यावर चाल लावायला बसेल.